कोशाची अग्निपरीक्षा

माणूस विश्वासू आहे की नाही, हे काडीपेटीने ओळखता येतं, अशी माझी तीन आठवडे ठाम समजूत होती.

मुलांनो, तुमच्या श्वेताकाकूने, म्हणजे माझ्या सुनेने, घरबसल्या इंटरनेटवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विकायला घेतल्या, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्याच आठवड्यात पुण्याहून सहा साड्यांची ऑर्डर आली. आमच्याकडे साडी मात्र एकही नव्हती! ठोक माल देणारे दोघे फोनवर सापडले. दोघांचे नमुने मी मागवले आणि तपासले. (पद्धत सोपी आहे. एक धागा काढून जाळायचा. अस्सल कोसा असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. नायलॉन असेल तर वितळून टणक मणी होतो.) दोन्ही धाग्यांचे मणी झाले.

ऑर्डर रद्द व्हायला पाच दिवस उरले, तेव्हा आम्ही दोघी आंधळगावला नामदेवराव विणकरांकडे गेलो. ते बायकोला चहा ठेवायला सांगत होते, तोवर मी पर्समधून काडीपेटी काढली.

"हे काय करून राहिल्या, मॅडम?"

"तपासणी."

"मागाजवळ आगपेटी? आमच्या आज्याचा माग आहे तो."

"आई, निदान चहा तरी होऊ द्या," श्वेता पुटपुटली.

नामदेवरावांनी मला अंगणात नेलं आणि स्वतःच धागा तोडून दिला. तो जळला, वास आला, राख चुरली. तरी माझी शंका काही फिटेना.

"वास जरा कमी वाटतो," मी म्हणाले.

"कोनाच्या मानानं?"

"ह्याच्या," म्हणून मी माझ्या पदराचाच एक धागा काढून दिला. (नागपूरच्या एका प्रदर्शनात तासभर पारखून मी तो कोसा घेतला होता. त्यावर प्रत्येक लग्नात माझं छोटंसं व्याख्यान होई. ते, साडीच्या वयासकट, इथेही झालं.)

नामदेवरावांनी काडी ओढली. वास आलाच नाही. धागा आक्रसला, वळला, आणि फरशीवर एक सुंदर, चकचकीत मणी उरला.

मग त्यांच्या बायकोने फार कळवळून विचारलं, "वीस वर्सं हेच नेसून राहिल्या का बाई तुमी?"

"अठरा," मी म्हणाले. (नोंद अचूक असावी.)

श्वेता भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

"सूनबाई, शनिवारी सहा साड्या घेऊन जा," नामदेवराव म्हणाले. "पुढंही माल देत जाईन. पन एक अट आहे. तपासाले ह्या मॅडमले आनू नका."

साड्या पुण्याला वेळेवर पोचल्या. व्यवहार लेखी असावा, असा आग्रह मीच धरला होता. त्यामुळे करारातली ती पहिली अट माझ्याच सुवाच्य अक्षरात आहे.