कॅलेंडरमागची किल्ली

गल्लीत त्यांना सगळे परग्रहवाले म्हणत. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी कथा लिहून स्वतःचे ग्रह वसवायचे, असं तीस वर्षं चाललं होतं. बायको म्हणे, तिकडची वस्ती झाली असेल तर इकडचा नळ गळतोय तेवढा बघा. कथा नेमाने वाचणारा माणूस एकच, धाकटा भाऊ. तो शहराच्या पाण्याच्या टाकीवर वॉचमन होता आणि त्याला वाचायला वेळच वेळ होता.

परग्रहवाल्यांना एक खोड होती. ग्रह कितीही खोटा असो, त्यावरची दारं, कड्या, खुर्च्या ते ओळखीच्या जागांतून उचलत. त्याशिवाय त्यांचं पेन पुढे सरकतच नसे.

मग सुरक्षा खात्याचं पत्र आलं. अधिकाऱ्यांना सुचणार नाहीत असे धोके सुचवायला खात्याने पाच विज्ञानकथाकार बोलावले होते. फाटकावर मोबाइल काढून घेतले, लांबलचक टेबलाशी बसवलं, चहा दिला. बाकीच्यांनी आकाशातून यंत्रं उतरवली, माशीएवढे हेर उडवले. साहेब लोक जांभया दाबत होते. परग्रहवाल्यांनी मात्र पाण्याच्या टाकीची गोष्ट वाचली. तिच्यात शत्रूला कुलूप फोडावंच लागत नाही. वॉचमन पुढच्या पाळीच्या माणसासाठी किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवून जातो, हे शत्रूला ठाऊक असतं. जांभया थांबल्या. साहेब भराभरा लिहून घेऊ लागले. आता खोटं कशाला सांगायचं, परग्रहवाले फुलून गेले. त्यांचं म्हणणं जन्मात कुणी लिहून घेतलं नव्हतं.

पंधरा दिवसांत सगळ्या टाक्यांची झडती झाली. धाकट्याच्या टाकीवर कॅलेंडरमागे किल्ली सापडली. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. नोकरी जाणार, हे सगळेच धरून चालले होते.

बातमी कळली तेव्हा परग्रहवाल्यांना काहीच वाटलं नाही. ते जेवले, पाणी प्यायले, नळ दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांना जाऊन भेटले. तो माझा भाऊ, त्यांनी सांगितलं. पुढच्या पाळीचा माणूस कधी वेळेवर येत नाही, म्हणून किल्ली तिथे ठेवायची रीत भावाच्या आधीपासूनची. मी ती नुसती गोष्टीत घातली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा अंदाज अचूक निघाला," ते म्हणाले. "पुढची बैठक सोमवारी. याल ना?"

त्यांनी होकाराचा कागद पुढे सरकवला. परग्रहवाल्यांनी त्यावर सही केली. हात आपोआप गेला.

संध्याकाळी ते धाकट्याकडे गेले. भावजय पाणी ठेवून आत गेली. त्यांनी त्याला सगळं सांगून टाकलं, फक्त सहीचं तेवढं सोडून. धाकटा चिडेल, बाहेर काढेल, अशी तयारी करूनच ते आले होते. त्याने गोष्ट मागितली. परग्रहवाल्यांनी खिशातले कागद दिले. चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत त्याने ती नेहमीसारखी सावकाश वाचली.

"दादा, ह्या वॉचमनचं पुढे काय होतं रे?"

किल्ली शत्रूच्या हाती लागली, की त्या माणसाचं गोष्टीत काही काम उरत नव्हतं. दुसऱ्या पानानंतर त्यांना त्याची आठवणही झाली नव्हती.

"तो पुढे येत नाही," परग्रहवाले म्हणाले.

धाकट्याने मान हलवली. कागद सारखे करून परत दिले.

"बाकी गोष्ट छान जमलीय," तो म्हणाला.