आळीच्या मापाची कॉफी

टेम्पो भरून झाला होता. कपाट, दोन पेट्या, पाटा-वरवंटा, गाद्या आणि सगळ्यांच्या वर उलटी बांधलेली खाट. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला आणि आमची बायको गायब. शोधायला गेलो तर ती आळीच्या पार त्या टोकाला, देवळापाशी. तिथून एकेका दारासमोर थांबत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत येत होती. निम्मी घरं आधीच रिकामी झालेली. काहींची कौलं उतरवलेली, काहींची दारं चौकटीसकट काढून नेलेली. जिथे दार नव्हतं तिथेसुद्धा ती थांबत होती.

मी ओरडलो, "रिकाम्या घरांना काय हाका मारतंस? चल की आता!"

ती तिच्याच चालीने आली आणि टेम्पोत चढली. गाडी खाडीच्या बांधावरून वळली आणि मला रडू फुटलं. साठी उलटलेला माणूस मी, ड्रायव्हरच्या शेजारी बसून पोरासारखा रडलो. ती रडली नाही. माझ्या मांडीवर एक फडकं टाकलं आणि बोलली, "रडायचं तर वाटंत रडून घ्या. नव्या दारात नको."

मला तिचा राग आला. वाटलं, हिला काय त्याचं? हिचं गाव बेलपाडा. जन्मलो मी इथे, नाळ माझी पुरलेली इथे, विमानतळाला जागा पाहिजे म्हणून गाव उठलं ते माझं.

हे मी तुमच्यासाठी लिहितोय. आळीतून जे कामोठ्यात गेले, उलव्यात गेले, करंजाड्यात गेले त्यांच्यासाठी, आणि बंगळुरूला असलेल्या माझ्या लेकीसाठी, वनितासाठी. मागे कोण राहिलं नाही, कारण मागे आळीच राहिली नाही. मी चौथी शिकलेला. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही पनवेलात आलो. नवीन जागेवर घर होईपर्यंत म्हणून आलो आणि इथेच राहिलो, तिसऱ्या मजल्यावर. गावात घराचं दार फक्त रात्री लागायचं, इथे ते फक्त चप्पल काढायला उघडतं. मी आधी मिठागरावर, मग न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात. सगळा जन्म उघड्यावर काढलेला. लिफ्टमध्ये माझा जीव घाबरा व्हायचा. मी खिडकीत बसून चिडचिड करायचो. पाण्याला चव नाही, मासळीवाली उर्मट, शेजारचा माणूस बघून न बघितल्यासारखं करतो.

हिने मात्र महिन्याभरात मजल्यावरच्या बायकांची नावं, माहेरं, गुडघेदुख्या सगळं गोळा केलं. मी बोलायचो, "तुला बरं करमतं गं?" ती भाजी निवडत बोलायची, "न करमून सांगता कोणाला?"

मग ते कॉफीचं यंत्र आलं. वनिता दिवाळीला आली तेव्हा बॅगेतून घेऊन आली. तिला तिच्या कॉफीशिवाय सकाळ होत नाही. स्टीलचं नळकांडं, हातभर नाही, वीतभर. वर हाताने फिरवायची चक्की, मध्ये बारीक जाळी, खाली पेला. एकावर एक बसतं सगळं. बिया वर टाका, दळा, जाळीत पडलेल्या पुडीवर गरम पाणी सोडा, खाली थेंब थेंब कॉफी.

"ऑल-इन-वन आहे, आई. ग्राइंडर, फिल्टर, मग, सगळं एकातच."

ही बोलली, "म्हणजे जातं, गाळणी आन् पेला. मग तसं सांग की."

वनिता जाताना ते आईसाठी ठेवून गेली. मला वाटलं, माळ्यावर जाणार. पण हिला त्या चक्कीचा लळा लागला. दुपारी जेवणं झाली की खिडकीत बसून हँडल फिरवायची. बोलायची, "जन्मभर जातं ओढलं, खांदे गेले. हे जातं बघा कसं, मांडीवर बसतं." पहिल्या आठवड्यात बियांबरोबर गुळाचा खडाही दळायला टाकला. चक्की अशी अडकली की मी पक्कड घेऊन बसलो. तेव्हापासून गूळ बशीत, बाजूला. पाणी सोडायला आमची जुनी किटली, मिठागरावर मला चहा आणून द्यायची तीच. तिची चोच बारीक, त्यामुळे धार चांगली पडते. लेकीने वेगळी किटली पाठवते सांगितलं, हिने नको सांगितलं.

एकच अडचण होती. वनिताने सांगितलेलं, पुडीवर आधी थोडंच पाणी घालायचं, पूड भिजेल इतकं. मग अर्धा मिनिट थांबायचं. पूड फुगते, वर बुडबुडे येतात. ती खाली बसली की बाकीचं पाणी हळूहळू, गोल गोल. घाई केली तर कॉफी पाणचट. आता अर्धा मिनिट मोजायचा कसा? फोनमध्ये मोजायची सोय आहे, पण हिच्या ओल्या बोटाला फोन दाद देईना. भिंतीवरच्या घड्याळाचा बारीक काटा हिला दिसेना.

मग हिने आपलं माप काढलं. थोडं पाणी सोडायची, किटली खाली ठेवायची आणि नावं घ्यायची. सावकाश, एकेका नावावर थांबत. नावं संपली की दुसरं पाणी. आपल्याच आळीची नावं होती ती, एवढं मला कळायचं. पण मी टीव्हीसमोर. तिकडे कोण कान देतो? सुरुवातीचं जासईकरीण ऐकू यायचं, मध्येच कुठेतरी चिरनेरकरीण. बाकी नुसता सूर, माशी गुणगुणावी तसा. मग अर्धा कप माझ्या पुढ्यात यायचा.

मी रोज बोलायचो, "हा काढा आहे." आणि रोज संपवायचो.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर ती गेली. दुपारी छातीत कळ आली बोलली. मी रिक्षा बघायला खाली उतरलो, तेवढ्यात गेली. जास्त लिहिता येत नाही मला त्याबद्दल.

तेराव्यानंतर वनिता ओटा आवरत होती. ते नळकांडं तिने पुसून बॅगेत घातलं. बोलली, "बाबा, हे मी घेऊन जाते. इथे नुसतं पडून राहील."

मी बॅगेतून ते काढलं आणि परत ओट्यावर ठेवलं.

"तुम्ही कॉफी करणार?"

"करतो."

"कधी केली आहे?"

"बघायचो ना रोज!"

साफ खोटं. तिच्याकडे पाठ करून बसायचो मी. पोरगी पिशवीभर बिया ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी करायला घेतली. सगळं पाणी एकदम ओतलं, जाळी भरून ओट्यावर सांडली, निम्मी पायावर. पुढच्या वेळी आठवलं, थांबायचं असतं, नावं घ्यायची असतात. मला येत होती ती घेतली, बाप्यांची. गोमा, धर्मा, बाळाराम, चांगदेव, पांडू, सगळे. यार्डात मुकादम हजेरी घ्यायचा तशी घेतली आणि झाली संपून. पूड अजून फुगतच होती. कॉफी झाली पाणचट. तुम्ही बोलाल, फोन लावायचा, अर्धा मिनिट मोजायचा, एवढं काय त्यात. मला कॉफी नको होती हो. दुपारी स्वयंपाकघरातून येणारा तो सूर पाहिजे होता, आणि तो कोणालाच ठाऊक नव्हता. वनिताला विचारलं तर तिला फक्त शेवटचं नाव माहीत, न्हावेकरीण. सुट्टीला आली की आईपाशी उभी राहायची, ते आलं की दुसरं पाणी आणि मग कप हातात, म्हणून लक्षात राहिलेलं. मधली सगळी आळी हिच्याबरोबर गेली होती.

आळीतले बाप्ये मला सगळे ठाऊक. पण त्यांच्या बायका? एकमेकींना त्या माहेरच्या गावाने हाका मारायच्या. आम्हाला त्या धर्माची बायको, पांडूची बायको. कोण कुठून आली, आम्ही कधी विचारलं?

म्हणून मी रिक्षा केली आणि कामोठ्याला गेलो. धर्माची बायको तिथे नातवाकडे असते, चौथ्या मजल्यावर. माझ्यापेक्षा मोठी. कानाने कमी ऐकते, तोंड मात्र शाबूत. मला बघून आधी डोळ्यांना पदर लावला. मग मी कामाचं सांगितलं तर पदर खाली आला.

"काय भावजी? बायको गेली आन् आता आळीतल्या बायकांची नावं इचारत फिरता?"

नातसून आत हसली. मी कॉफीचं सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा.

"ती काळी कॉफी? मना पण पाजली होती एकदा. मी बोलली, दूध नाय घालत, सुतक हाय का, मेलं कोण तुझ्या घरात?" एवढं बोलून ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि जीभ चावली. मग माझा हात ओढून बोटांवर मोजायला लागली. "देवळापाशी जासईकरीण. मग मी, गव्हाणकरीण. मग वहाळकरीण, तिच्या दारात शेवगा. मग दोघी सख्ख्या बहिणी, मोठी चिरनेरकरीण आन् धाकटी चिरनेरकरीण, एकाच मांडवात लगीन झालं त्यांचं. मग तळोजकरीण. मग पेणकरीण, ती गेली, कळलं ना तुमाला? मग न्हावेकरीण, रोज भांडायची आन् रोज कालवण आणून द्यायची. आन् बांधाजवळ तुमची बेलपाडकरीण."

मी बोललो, "शेवटचं ती बोलत नव्हती. न्हावेकरणीवर थांबायची."

"आता स्वतःला कोण हाक मारंल?"

मी विचारलं, ही असं ओळीने पाठ का करून बसली होती? तर वहिनी बोलली, "आमी सगळ्याच पाठ करायचो. नवी नवरी आली की तिला देवळापासून बांधापर्यंत दारोदार फिरवायची. बाप्यांची नावं घ्यायची नसत. मग अडीनडीला हाक कोणाला मारणार? म्हणून बायकांची शिकवायची. तुमच्या बायकोला मीच फिरवली. इवलीशी होती, डोळे एकदम कोरडे. मी बोलली, रडली नाय का गं तू? तर बोलली, आयनं सांगितलंय, रडायचं तर वाटंत रड, नव्या दारात नको."

नातसुनेने चहा आणला, तो निवला.

मग माझ्या टकुऱ्यात प्रकाश पडला. टेम्पो हॉर्न मारत होता तेव्हा ती रिकाम्या घरांना हाका मारत नव्हती. आळीत आली त्या दिवशी जशी चालली होती, तशीच जाताना चालत होती. आणि मी बोललो होतो, हिला काय त्याचं. ही सगळी आळी, जासई, गव्हाण, वहाळ, चिरनेर, तळोजा, पेण, न्हावा, आपापलं गाव सोडून आलेल्या पोरींचीच तर होती. त्यांच्यासाठी कुठला टेम्पो थांबला नाही, कोणी आठवणी लिहिल्या नाहीत. आम्ही बाप्ये आयुष्यात एकदा गावातून उठलो, तर केवढा आरडाओरडा! आणि नव्या जागी चूल कशी पेटवायची ते आम्हाला शिकवलं या बायकांनीच, पुन्हा एकदा उठून.

आता मी रोज दुपारी कॉफी करतो. मांडीवर चक्की धरून दळतो. किटलीने थोडं पाणी सोडतो, पूड फुगायला लागते आणि मी देवळापासून निघतो. घाई करत नाही. शेवग्यापाशी जरा जास्तच थांबतो.

वर्षश्राद्धाला वनिता आली होती. तिच्यासमोर केली. मी नावं घेत होतो आणि ती ओट्याला टेकून उभी होती, आईपाशी उभी राहायची तशी. न्हावेकरीण झालं आणि तिने सवयीने किटलीला हात घातला.

"थांब," मी बोललो.

"बाबा, आई इथेच ओतायची."

"तुझ्या आईला एक नाव कमी होतं."

आणि मी बोललो, "बेलपाडकरीण."

पोरगी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली. मी इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या आईला नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' बोललो की ती यायची. आता रोज मारतो, चारचौघांत मारायची असती तशी, मोठ्याने.

वनिता कॉफी प्यायली. बोलली, "आईच्या हातची नाहीय." मग पेला विसळताना बोलली, "पण पाणचट पण नाहीय." जाताना विचारलं, बंगळुरूला येता का थोडे दिवस. मी येतो बोललो. आधी नाही बोललो असतो. घर सोडून कुठे येऊ, असं बोललो असतो. पण कौलं गेली, चौकटी गेल्या, बांधावर आता डांबर आहे. घर म्हणून जे उरलंय ते पुडीवर पहिलं पाणी पडल्यापासून दुसरं पडेपर्यंत असतं, आणि त्याला टेम्पो लागत नाही.

वनू, तिकडे मी करीन तेव्हा तुझा फोन बाजूला ठेव. माझी कॉफी तुझ्या आईच्या कॉफीपेक्षा एक घर जास्त थांबते.