हलका अँटेना

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. आठवडाभर लोकांच्या बंद लिफ्टपायी जिने चढतात आणि सुट्टीला रेडिओ घेऊन टेकडी चढतात. तिथून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, हा यांचा छंद. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा यांनी टेकडी सोडली नाही, अँटेना बदलला.

आधी ॲल्युमिनियमचा पाइप होता. मग मासे धरायची घडीची काठी आली. आता नुसती तार उरली आहे. टोकाला दगड बांधून फांदीवर भिरकावली, की झालं. तिचा तुकडान् तुकडा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून होतो.

काल वर पोचेस्तोवर माझा जीव मेटाकुटीला आला. यांनी तार टाकली, माइक उचलला. पलीकडे कुणी मास्तर होते, यांच्यासारखेच छंदिष्ट.

“माझा सगळा पसारा एका पिशवीत मावतो,” यांनी छाती फुगवून सांगितलं. “पाठीला जाणवतसुद्धा नाही!”

मी शेजारी दगडावर बसून खांदा चोळत होते. माझ्या पिशवीत लिफ्टमधली जुनी बॅटरी होती, धोंड्यासारखी जड. शिवाय पाणी, डबा आणि यांचा स्वेटर.

“वा!” मास्तर म्हणाले. “आणि बॅटरी कोण उचलतं?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही यांच्याकडे पाहिलं.

“आवाज तुटतोय,” हे माइकात म्हणाले. “काही कळलं नाही.”

अँटेना मात्र खरंच चांगला जमलाय. मला शब्दन् शब्द ऐकू आला होता.