बिनलोंढ्याची आळी

हसणार नसाल तरच सांगते. साधी वजाबाकी होती हो, पण तिचा मी असा विचका केला की विचारू नका!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी भाईंदरला इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायचे, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे आणि पीएचडीही करत होते. विषय काय? एखाद्या वस्तीत अचानक बाहेरची माणसं येऊन पडली, की घरभाडी किती वाढतात? आता भाडी एरवीही वाढतातच. मग त्यातली माणसांमुळे किती, हे कळणार कसं?

माझे गाईड सर म्हणाले, "सोपं आहे. दोन वस्त्या घे. एकीत लोंढा आलाय, दुसरीत नाही. दोन्हीकडची भाडेवाढ काढ आणि वजा कर. उरेल तो लोंढ्याचा परिणाम."

लोंढ्यासाठी आमच्याजवळची खारी ही वस्ती होतीच, चहूबाजूंनी बिल्डिंगा! बिनलोंढ्याची म्हणून काशीगावातली एक आळी सापडली. तिथे गोमादादांच्या भाड्याच्या खोल्या होत्या.

"दादा, इथे बाहेरचं कोणी आलंय?"

"न्हाय गो बाय. हितं कोन येतंय?"

मला काय आनंद झाला! स्टाफरूममध्ये सांगितलं, शेजारणीला सांगितलं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलं. "अहो, काय आळी आहे! शांत, विहिरीला पाणी, भाडी स्वस्त, आणि कोणाला पत्ताच नाही!"

वर्षभराने माझ्या विद्यार्थिनींनी दोन्हीकडची नवी भाडी विचारून आणली. मी वजाबाकी केली. उत्तर? शून्य! खारीत वाढली तेवढीच आळीतही वाढलेली. म्हणजे एवढी माणसं आली तरी भाड्याला ढिम्म फरक नाही? पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य!

सर वैतागले. "आकडे ठेव बाजूला. जाऊन डोळ्यांनी बघ."

गेले. आळीत पाय ठेवते तोच समोरून आमचे फिजिक्सचे जोशीसर, हातात दुधाची पिशवी!

"अरे मॅडम, या या, चहा घेऊन जा!"

खिडकीतून माझी घर बदलून गेलेली शेजारीण हात करतेय. ओट्यावर नवऱ्याच्या ऑफिसातले हेडक्लार्क बनियनवर दाढी करतायत.

"दादा, ही सगळी इथे कशी?"

गोमादादा एकदम खूश. "बाय, तुजीच मानसं न! सगली तुजा नाव सांगून आयली. भाडा वाढवला तरी येतान!"

सरांसमोर मान खाली घालून उभी राहिले.

"ही आळी बाद," ते म्हणाले. "पण का बाद, ते प्रबंधात स्पष्ट लिही."

लिहिलं : 'संशोधिकेच्या बडबडीमुळे वस्तीत लोंढा आला.'

सरांनी 'बडबडीमुळे' खोडून वर लिहिलं, 'तोंडी प्रसारामुळे'. मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "आता दुसरी आळी शोध. आणि कुठली ते मलासुद्धा सांगू नकोस!"