‘समझे?’ विचारायची बंदी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तशी कॉलेजं भराभर उघडली, आणि शिकवायला नवी पोरं भरती झाली. त्यांना शिकवायला शिकवणं हे माझं काम. “मास्तरांची मास्तरीण!” म्हणून तेलीबांध्याच्या आमच्या बिल्डिंगीत सगळे चिडवायचे. चिडवा म्हटलं, माझं काय जातं!

त्या वर्षी अर्थशास्त्राचा एक पोट्टा माझ्याकडे आला. घर बीरगांवला, वडील कारखान्यात, मूळचे भंडाऱ्याकडचे. घराण्यातला पहिलाच प्रोफेसर, पण नोकरी अजून कच्ची. विभागप्रमुखांनी सांगून टाकलं होतं: शुक्रवारी तुमच्या तासाला बसतो, जमलं तर कायम, नाहीतर रामराम.

“मॅडम, मले काही समजूनच नाही राहिलं. वर्गात सगळे हव-हव म्हणतात, मग पेपर काहून कोरा सोडतात?”

मी त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. हा नोट्स सांगतोय, दर दोन ओळींनी “समझे?” आणि अख्खा वर्ग एका सुरात, “हव सर!” इकडे गुरुजींना नाही म्हणायची रीतच नाही. सगळं डोक्यावरून गेलं तरी मान राखायला पोरं हो म्हणणारच. आणि हा भाबडा त्यावर खूश! असा राग आला मला!

“आजपासून ‘समझे?’ बंद,” बाहेर येताच मी बजावलं. “नुसतं हव म्हणून सुटता येणार नाही असं काहीतरी विचार.”

“अन् कोणीच नाही बोललं तर?”

“तर गप उभा राहा. आभाळ नाही कोसळत.”

दुसऱ्या दिवशी त्याला ती शांतता सोसवेना. स्वतःच उत्तर देऊन मोकळा झाला. मी चांगली हजेरी घेतली त्याची.

शुक्रवारी विभागप्रमुख माझ्या शेजारी येऊन बसले. त्याने फळ्यावर दोनच शब्द लिहिले, नमक आणि टमाटर. “दोनों का दाम दुगुना हो गया. घर में क्या कम आएगा? बाजूवाले से बात करो, फिर बताओ.”

वर्ग चिडीचूप. पोट्ट्याने खडू उचलला, परत ठेवला. उत्तर देऊ नकोस रे बाबा, मी मनात घोकत होते. नाही दिलं त्याने! मग कुजबुज सुरू झाली, कुजबुजीचा गलका झाला. विभागप्रमुखांनाही राहवेना. “अरे, दाम बढ़ेगा तो दोनों कम आएँगे!”

तिसऱ्या बाकावरची एक पोट्टी उभी राहिली. “नइ सर. नून तो ओतकेच लगही.”

मीठ तर तेवढंच लागणार! भर वर्गात विभागप्रमुखांना नाही म्हणाली होती ती. पोट्ट्याने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग तिला म्हणाला, “बिलकुल सही. अब सर को समझाओ, क्यों.”

टमाटर नाही घेतले तरी चालतं, मिठावाचून नाही चालत, असं तिने समजावलं. घंटा झाली तरी कोणी उठेना. व्हरांड्यात येऊन विभागप्रमुख मला म्हणाले, “इस लड़के को तो हम कहीं जाने नहीं देंगे, मॅडम.”

पोट्ट्याने तिथूनच वडिलांना फोन लावला. पलीकडे मशीनचा खडखडाट, “कायम झालो, बाबा!” हे काही त्यांच्यापर्यंत पोचेना. शेवटी मीच फोन हिसकावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “मास्तर झाला हो तुमचा मुलगा, पक्का मास्तर!” आधी अख्ख्या कॉलेजला कळलं, मग कुठे बापाला.