आक्काताईंचा उजवा तळपाय

रहिमतपुरात आक्काताईंनी शिवलेलं झंपर अंगाला बसलं, की बायका दुसरीकडं जात नसत. नवरा गेल्यावर पायमशिन चालवून त्यांनी मुलाला, राजरत्नला, मास्तर केलं. १९९६ साली त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर श्रद्धाताई दर मंगळवारी दवाखान्याच्या पडवीत साखरेच्या दहा-बारा रोग्यांना एकत्र बसवायच्या आणि भाकरी किती, गोळी कधी, चालायचं किती, हे शिकवायच्या. आक्काताईंनी एकही मंगळवार चुकवला नव्हता.

एका मंगळवारी श्रद्धाताईंनी जोडीजोडीनं एकमेकांचे तळपाय बघायला सांगितलं. आक्काताईंच्या उजव्या तळव्याला पंधरा दिवसांपासून जखम होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी चिंधी बांधून ती लपवली होती. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय अशाच जखमेपायी सांगलीला गुडघ्यातून काढला होता. वर्षाच्या आत तो गेला. पाय दाखवला की कापतात, एवढंच त्यांच्या मनात बसलं होतं.

जोडीला आल्या वरच्या आळीच्या अनसूयाबाई. आपली जात बघता ह्या काही आपल्या पायाला हात लावायच्या नाहीत, असं आक्काताईंना वाटलं. पण अनसूयाबाईंनी चष्मा लावला, पाय मांडीवर घेतला आणि चिंधी सोडली. घाण वास आला.

"कुनाला बोलू नगा," आक्काताई पुटपुटल्या. "माजा पाय कापत्याली."

अनसूयाबाईंनी चिंधी बाजूला ठेवली.

"मी बोलले नाही तर नक्की कापतील," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

सगळी पडवी भोवती जमली. आक्काताईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. श्रद्धाताईंनी चिमट्यानं जखमेतून सुईचं तुटकं टोक काढलं. साखरेनं पाय बधिर झाल्यानं ते कधी रुतलं, आक्काताईंना कळलंही नव्हतं. करंगळी काळी पडत चालली होती.

दुपारीच राजरत्ननं त्यांना जीपनं साताऱ्याला नेलं. करंगळी काढावी लागली. विष वर चढतंय का, हे नऊ दिवस कुणी सांगेना. रोज जाग आली की त्या चादरीखाली हात घालून गुडघा चाचपत. दहाव्या दिवशी तिथले डॉक्टर म्हणाले, पाय वाचला.

आक्काताई घरी आल्यावर अनसूयाबाई दोनदा भेटायला आल्या. त्या वेळी आक्काताई भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. चारचौघांत झालेली शोभा त्यांच्या मनातून जात नव्हती. दीड महिन्यानं त्या स्वतःच काठी टेकत वरच्या आळीला गेल्या.

"लय राग आला हुता तुमचा," त्या म्हणाल्या. "पर बोलला नसतासा, तर मी काय जित्ती ऱ्हात नव्हते."

अनसूयाबाईंनी त्यांना आत घेतलं. चारचौघांत आक्काताईंची शोभा होणार हे कळत होतं, म्हणून हाक मारताना आपली जीभ उचलत नव्हती, असं त्या म्हणाल्या.