फळीपलीकडचे सर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमच्या शेजारचे सर कानावर खडू ठेवून विचारायचे, "मग, अडलं कुठे?" मालाडच्या चाळीत त्यांच्या आणि आमच्या खोलीच्या मध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवत आणि पोळ्या लाटताना मला सगळं ऐकू येई.

"गोष्टीतल्या माणसाला काहीतरी हवं असतं आणि मध्येच अडतं," ते म्हणत. "अडलंच नाही, तर ती गोष्ट नाही, नुसती हजेरी." मग मराठीत समजावत, "बायको वाघिणीसारखी म्हटलं की उपमा. घरात वाघीण आहे म्हटलं की रूपक."

आतून त्यांची बायको ओरडे, "वाघिणीचं रॉकेल संपलंय, तेवढं बघा!"

पोरं खिदळत. मीही तोंडाला पदर लावून हसे.

असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. एखादी गोष्ट आवडली की सोडवत नाही. एका धड्यात होडी बुडते. "लेखकाने आधीच काळा ढग का दाखवला?" या एका ढगावर त्यांनी आठवडा घालवला.

आमची सुमन त्यांच्याकडेच शिकायची. संपात ह्यांची गिरणीतली नोकरी सुटली, हे मरोळला वॉचमन झाले. तरी वर्षाची फी आधीच भरली. सुमन पास झाली तर टायपिंग शिकून ऑफिसात जाणार, नाहीतर मरोळलाच कारखान्यात पॅकिंगला, असं घरात ठरलं होतं.

परीक्षा तोंडावर आली तरी पत्रलेखन, व्याकरण बाकीच. मी धीर करून जिन्यात विचारलं, "सर, पोर्शन होईल ना?"

"होईल हो वहिनी. गोष्ट कळली की पुढचं आपोआप येतं."

नाही आलं. सुमन इंग्रजीत नापास झाली.

हे गॅलरीतून ओरडले, "ओ सर, तुमच्या ढगाला मार्क नव्हते! फी परत करा." सगळी चाळ बाहेर आली. मला वाटलं, सर भांडतील. ते खाली बघून म्हणाले, "चूक माझीच आहे. थोडे थोडे देईन."

बाकीची पोरं स्टेशनजवळच्या मोठ्या क्लासला गेली. सर पगारावर कुठेतरी कारकुनी करू लागले. दर महिन्याला उंबऱ्याबाहेर उभे राहून पैसे देत, चहाला नको म्हणत.

"सुमन, ऑक्टोबरला बसतेस ना? उरलेलं मी शिकवतो. फी नको."

"बाबा नाही म्हणतात, सर."

मग एका संध्याकाळी पलीकडून आवाज आला. सर पत्रलेखन शिकवत होते, मोठ्याने, सावकाश. खोलीत एकही मूल नव्हतं. सुमनने गुपचूप पुस्तक काढलं. असं बरेच दिवस चाललं. पण कारखान्यात दिवसभर उभं राहून ती पोर पुस्तकावरच पेंगायची. मी तिला उठवत नसे. पलीकडे शिकवणं चालूच असे. ऑक्टोबर तसाच निघून गेला.

शेवटच्या वेळी सर आले तेव्हा हे घरी होते. ह्यांनी पैसे मोजले आणि म्हणाले, "बरोबर. फिटले सगळे."

"हो," सर म्हणाले आणि क्षणभर तिथेच उभे राहिले. आता आमच्या दारात यायला त्यांना काही कारण उरलं नव्हतं.